परक्या मांडवात

माणूस परमुलखात गेला म्हणजे तेथील भाषा, अन्न आणि थंडी यांस कालांतराने सरावतो; परंतु परक्यांच्या आनंदात सामील कसे व्हावे, हे त्यास कोणी शिकवीत नाही. दुःखात वाटेकरी होणे त्या मानाने सोपे. तेथे नुसते जवळ बसले तरी पुरते. उत्सवात मात्र नाचावे की भिंतीशी उभे राहावे, आपले सोडावे की धरून ठेवावे, असे प्रश्न पावलोपावली उभे राहतात. आम्हांस ते प्रथम एडिंबरो येथे पडले.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी आम्ही त्या नगरीत वर्षभर होतो. २०१६ च्या जून महिन्यात वर्षअखेरीचा नृत्यसमारंभ ठरला. त्यास तिकडे 'बॉल' म्हणतात. निमंत्रणपत्रिकेवर लिहिले होते, 'सायंकालीन औपचारिक वेष किंवा राष्ट्रीय वेष.' एखादा झगा भाड्याने आणावा, की आईने निघताना पेटीत घातलेली हिरवी नऊवारी नेसावी, या विचारात आमचे दोन दिवस गेले.

अशा वेळी आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील स्वागतसमारंभात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली अशा तिघी विद्यार्थिनी त्यात आहेत आणि प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे. तो त्या मिरवीत नाहीत व लपवीतही नाहीत. पुढच्याच वर्षी आनंदीबाईंस पदवी मिळाली, आणि १८८७ मध्ये, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. ते चित्र मनाशी धरून आम्ही नऊवारी नेसलो.

त्या नगरीचा आणखी एक इतिहास आम्ही वाचला होता. १८८३ मध्येच तेथील भारतीय विद्यार्थ्यांनी आपली संस्था स्थापन केली होती. १९२७ मध्ये एडिंबरोतील काही उपाहारगृहांनी व नृत्यगृहांनी गौरेतर विद्यार्थ्यांस दारे बंद केली, तेव्हा या संस्थेने निषेध केला आणि तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. नाचावे की नाचू नये, हा आमचा संकोच होता. त्या विद्यार्थ्यांस संकोच करण्याचीही संधी मिळाली नव्हती.

जूनमध्ये तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. स्कॉटिश तरुण चौकड्यांचे किल्ट नेसून आले होते; म्हणजे आपल्या मुलखाचा वेष केलेले आम्हीच तेवढे नव्हतो. तथापि वाद्ये सुरू होताच आम्ही भिंतीचा आश्रय घेतला. कानांत आमच्या आजीचे शब्द होते. सासष्टीत आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांच्या घरी लग्नात व्हायोलिन व घुमट यांच्या साथीवर मांडो रंगला की आजी म्हणे, "तें आमचें न्हय." म्हणे खरी, पण मांडो संपेपर्यंत ती ओसरीवरून हालत नसे!

आणि समोर पाहतो तो काय! दोन रांगा समोरासमोर उभ्या, मध्ये व्हायोलिनचे सूर, रांगा पुढे येत आहेत, मागे सरत आहेत. थेट मांडो नव्हे; त्याची चाल संथ, याची धावती. परंतु रांगांची ती ओळख आमच्या पायांस पटली. तेवढ्यात एका सहाध्यायिनीने काही न विचारता हात पुढे केला. काष्ट्यामुळे पाय मोकळे होते. पुढची चाल सांगणारा एक गृहस्थ मंचावर उभा होता, आणि जोडीदार सारखे बदलत असल्याने चुकणाऱ्यास पुढचा हात आपोआप ओढून नेत होता. मध्यरात्रीपर्यंत आम्ही भिंतीकडे परतलो नाही.

आता आम्ही मनावरास शिकवितो. होळीपूर्वीच्या सप्ताहात या निमाड भागात भगोऱ्याचे बाजार भरतात. मांदल वाजू लागते, बासऱ्या निघतात, भिल्ल व भिलाला मुली एकसारखे रंगीत कपडे घालून हातात हात गुंफून नाचतात. तेथे आम्ही पाहुणे. शाळेत मात्र यजमान आम्ही आणि भिलाली बोलणारी हीच मुले पाहुण्यासारखी कडेला उभी! गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीस एका मुलीने हळूच विचारले, "मॅडम, हमारे कपड़े चलेंगे?"

आम्ही म्हणालो, "चलेंगे. और मांदल भी ले आना." त्यांनी मांदल आणली. दुसऱ्या फेरीस त्यांनी शिक्षकांचेच हात धरले.

विद्यार्थिमित्रहो, आपण पुढे दूरदूर जाल. कोणाच्या तरी मांडवात परके म्हणून उभे राहाल. तेव्हा आपला वेष टाकू नका आणि पुढे आलेला हातही टाळू नका. परंतु त्याआधी यंदाच्याच संमेलनात भिंतीशी कोण उभे आहे, ते जरा पाहून घ्या.