भट्टीतली शाळा

आमच्या घरात दोन ऋणं होती. एक भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, दुसरं माझ्या शाळेतल्या बाईंचं. पहिल्याचा उच्चार बाबांना उठता-बसता करावा लागे. दुसऱ्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पण वेंगुर्ल्याची गाडी दिसली की उगाच उठून उभे राहत.

पेडणे तालुक्यातल्या एका भाटकाराच्या माडांच्या भाटात आमचं खोपट होतं. मातीच्या भिंती, वर माडाची झापं. चिऱ्यांची भिंत घालायची सोय नव्हती. चिऱ्याचं घर उभं राहिलं की माणूस तिथलाच होतो, हे भाटकाराला पक्कं ठाऊक होतं. दारात स्वतःचा एक माडही लावायचा नाही. आम्ही महार. बाबा बांबूची सुपं, रोवळ्या, पाट्या विणत. सुगीला भाटकाराच्या खळ्यावर पाट्या फुकट पोचवायच्या, हाक आली की हातातलं काम टाकून धावायचं, आणि एवढं करून ‘त्यांनी राहू दिलं’ म्हणून मान खालीच ठेवायची. विहिरीवर कळशी लांब ठेवून कुणी वरून पाणी ओतेल तोवर आई ताटकळत उभी राही.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, डिचोली त्याआधी काही वर्षं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले, असं मी पुढे वाचलं. आमच्या वाड्यावर ती बातमी पोचलीच नव्हती. गावात अक्षर शिकायचं तर शेणवीमामांकडे, म्हणजे गावच्या पंतोजींकडे, कुणाच्या तरी पडवीत, धुळपाटीवर. त्या पडवीची पायरी आमच्यासाठी नव्हती. १९६१ मध्ये मुक्तीच्या वेळी गोव्यात तीन माणसांतल्या जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं. आमच्या वाड्यावर एकालाही येत नव्हतं.

२० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब मूळचे पेडण्याचेच. खाणमालक म्हणून पैसा मिळवला होता, पण पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेत जखडलेल्या समाजात जन्मल्याने दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. इमारती नव्हत्या, शिक्षकही पुरेसे नव्हते. मग शाळा भरायच्या देवळाच्या मंडपात नाहीतर कुणाच्या ओसरीवर, आणि शिक्षक यायचे सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून.

आमच्या गावचीही शाळा मंडपात भरली. जून १९६४. बाबा मला घेऊन गेले आणि मंडपाच्या पायऱ्यांखाली सवयीने थांबले. वेंगुर्ल्याहून आलेल्या बाईंनी आतून हाक मारली. बाबा जागचे हलेनात. शेवटी एका जाणत्याने बाईंना बाजूला घेऊन इथली रीत समजावली.

त्या वेळी बाई विशीच्या आसपासच्या असतील. नोकरी नवी, गाव परकं, खोलीही त्याच गावकऱ्यांपैकी एकाकडे. त्यांनी वाद घातला नाही. फळा उचलला, मुलांना उठवलं आणि सगळा वर्ग बाहेर फणसाखाली आणून बसवला. पाऊस लागला तेव्हा काजूची एक भट्टी शोधून काढली. हंगाम मेअखेर संपतो, मग भट्टी रिकामीच असते. भट्टीवाल्याला देवाधर्माचं सोवळं नव्हतं, भाडंही नको होतं. अशी आमची पहिली इयत्ता हुर्राकाच्या, काजूच्या दारूच्या वासात, मडकी रचलेल्या भिंतीला पाठ लावून झाली. त्या वासाला आजही माझ्या नाकात पाढ्यांचा सूर आहे. काही घरांनी मुलं पाठवणं थांबवलं. असली शाळा असण्यापेक्षा नसलेली बरी, असंही कुणी म्हणालं. महिन्याभरात एकेक करून सगळी परतली, कारण शिकायला दुसरीकडे जागाच नव्हती.

चौथीनंतर बाबा मला कामाला लावणार होते. त्यांचंही चुकत नव्हतं, खाणारी तोंडं वाढली होती. बाईंनी उपदेश केला नाही. दर आठवड्याला येऊन त्या सुपं विकत घ्यायला लागल्या. एकट्या बाईमाणसाला एवढी सुपं कशाला हवीत, हा प्रश्न आईला पडायचा. बाई ती वेंगुर्ल्याला आपल्या आईकडे पाठवत आणि ती शेजारीपाजारी विकायची. त्या पैशांवर पेडण्याच्या बाजारातल्या शाळेत माझं पुढचं शिक्षण झालं. बाबांनी ते सरळ घेतलं, कारण ती मालाची किंमत होती. भीक असती तर त्यांनी घेतली नसती, हे बाईंनी ओळखलं होतं.

पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि डिचोलीत नोकरीला लागलो. खोली पत्रानेच ठरली होती. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो. मालकांनी गाव विचारलं, मग वाडा विचारला, मग म्हणाले, खोली कालच दिली. बाकावर बसून दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी एका ख्रिस्ती विधवेने ओसरीला लागून जागा दिली.

याच सुमारास, १९८१ मध्ये, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आलं. बाईंनी ते वेंगुर्ल्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती माझ्याकडे धाडलं. आत चिठ्ठी नव्हती. गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर. गावच्या शाळेत काळ्यांना प्रवेश नाही म्हणून हा पोर आठेक मैल चालत निओशोला जातो. तिथे मरिया वॉटकिन्स नावाची, लोकांचे कपडे धुणारी सुईण त्याला घरात घेते. पुढे कॅन्ससमधल्या हायलंडचं कॉलेज त्याला पत्राने प्रवेश देतं आणि तो दारात आल्यावर कातडी बघून परत पाठवतं. ते पान वाचताना मला डिचोलीतली माझी ट्रंक दिसली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला रोज थोडं वाचून दाखवलं. मरियापाशी आलो तशी आई सूप पाखडायची थांबली आणि म्हणाली, ‘‘अरे, ही तर आमचीच बाय मरे!’’

मग अमेरिकेबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी काळ्या-गोऱ्या मुलांच्या सक्तीच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने त्यावर उपाय काढला: १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, काळी पोरं बहुतेक घरी बसली, ती १९६४ पर्यंत. मी भट्टीत श्री गिरवत होतो त्याच वर्षी ती कुलपं निघाली. आमच्या गावात ‘नसलेली बरी’ म्हणणाऱ्यांच्या हाती सरकार असतं तर काय झालं असतं, ते तिथे घडून गेलं होतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. त्यांना हा सगळा धागा शंभर वर्षं आधी दिसला होता. आम्हा मास्तरांना तो बी.एड.ला कुणी दाखवला नाही.

पण शाळेचं दार उघडलं म्हणजे काम झालं, असं मी फार वर्षं मानत आलो होतो, ते आता मानत नाही. अमेरिकेत २०२२ च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर, तर मधल्या काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. शाळा एक होऊन साठ-सत्तर वर्षं झाली तरी ही सहापट तफावत आहे. काळ्यांच्या वस्त्यांना घरासाठी कर्ज मिळत नव्हतं. घर नाही म्हणून पोरांच्या हाती द्यायला काही नाही, आणि तिथल्या शाळांना बराचसा पैसा वस्तीतल्या घरांवरच्या करातून मिळतो. म्हणजे फिरून गाडी जमिनीपाशीच येते.

आमच्याकडेही तीच आली. माझं आजोळ डिचोली तालुक्यात मयेला. तिथला जमीनमालक मुक्तीनंतर निघून गेला, जमिनी निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे लोक आपल्याच अंगणात परके राहिले. त्यावर कायदा व्हायला २०१४ उजाडलं. पेडण्यात आमच्यासाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी, १९७५ चा मुंडकार कायदा होता. बाबांचा अर्ज मी लिहिला, बाईंनी वळण लावलेल्या अक्षरात. हेलपाटे घालता घालता बाबा गेले. कागद झाला तो आईच्या नावावर. त्या दिवशी भाटकाराचा मुलगा भेटला आणि म्हणाला, आमच्या वडिलांनी राहू दिलं म्हणून हे झालं. मी त्याला चहा पाजला. त्या घराण्याचं मी काही देणं लागत नाही. तिथे बाबांचं आयुष्यभराचं काम जमा आहे, ते कुणी वहीत लिहिलेलं नाही एवढंच.

बाईंचं मात्र लागतो. शिकणं माझा हक्क होता, त्यात उपकार कसले, असं माझा मुलगा म्हणतो. त्याचं बरोबर आहे. पण तो हक्क मंडपाच्या पायऱ्यांखाली बाबांचा हात धरून उभा होता, आणि फळा बाईंनी उचलला होता. निवृत्तीनंतर त्यांना भेटायला गेलो की त्या हा विषय निघू देत नसत. पाण्याचं, पावसाचं बोलत. आता त्या नाहीत.

पेडणे-डिचोलीत आजही कित्येक घरांत मुंडकारीचा अर्ज आजोबांच्या नावाने पडून आहे. शिकलेल्या नातवंडांनी तो ट्रंकेतून बाहेर काढावा, वारसांची नावं चढवून घ्यावीत आणि तारखा चुकवू नयेत. तो वाचता येण्याइतकं आपल्याला कुणीतरी शिकवलेलं आहे.