सरत्या वर्षाकडे पाहताना

२०२५ हे वर्ष माझ्या कायम लक्षात राहील. जूनमध्ये लेक पहिलीत गेली. दिवाळीआधी बाबांची साठीशांत झाली. मधेच १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर मीही टीईटीच्या अभ्यासाला बसले.

रात्री एकाच टेबलावर ती अक्षरं गिरवायची, मी बालमानसशास्त्र वाचायचे. सराव पेपरात गणिताला ३० पैकी १३ पडले. मी वही लपवली. लेकीने ती शोधलीच. "आई, तू पण चुकतेस?"

दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगा चुकलेलं पान हाताने झाकून बसला होता. रागावले नाही, शेजारी जाऊन बसले. २३ नोव्हेंबरला परीक्षा दिली. निकाल काहीही लागो, त्या झाकलेल्या पानामागची भीती मला आता कळते.