लमाणाचें ओझें

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. शाळेंत संस्कृत शिकवितांना ते मीं मुलांकडून पुष्कळ वर्षें पाठ करून घेतले. परंतु त्यांचें मर्म उमगावयास डॉ. श्रीराम लागू यांच्यासारखा नट पाहावा लागतो.

1927 सालीं साताऱ्यास जन्मलेले लागू हे कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य. 1969 सालीं, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनीं वैद्यकी सोडून नटाचा व्यवसाय पत्करिला. आपल्या घरच्या डॉक्टर मुलानें असें केलें असतें, तर वडीलधारीं मंडळी काय म्हणालीं असतीं, हें वाचकांस सांगावयास नकोच!

1970 सालीं शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकांत ते गणपतराव बेलवलकर झाले. रंगभूमीवर वाचिकाचें राज्य. पुटपुटलेला शब्दही शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास ऐकूं गेला पाहिजे. चित्रपटांत याच्या उलट. तेथें भुंवई किंचित् हलली तरी पडद्यावर तिचें प्रकरण होतें. म्हणून सारा भार सात्त्विकावर. आणि 1985 मध्यें दूरदर्शनच्या ‘खानदान’ मालिकेंतून हाच नट थेट आपल्या बैठकीच्या खोलींत आला. घरीं आलेला मनुष्य गर्जना करीत नाहीं, तो बोलतो. तिन्ही ठिकाणीं माप निराळें, नट मात्र एकच.

मज शिक्षकास आणखी एक गोष्ट जाणवते. ‘पिंजरा’मधील (1972) तमाशाच्या मोहानें ढासळणारे गुरुजी, ‘सामना’मधील (1975) व्यसनानें खचूनही एका बेपत्ता माणसाचा माग न सोडणारा मास्तर, आणि ‘गांधी’ चित्रपटांतील (1982) गोपाळ कृष्ण गोखले, जे एके काळीं फर्ग्युसनचे प्राध्यापक होते. या तिघांत कोणीही कोणासारखा दिसत नाहीं.

लागूंनीं आत्मचरित्रास ‘लमाण’ असें नांव दिलें. दुसऱ्याचा माल इकडून तिकडे वाहून नेणारा तो लमाण. नाटककाराचा आशय प्रेक्षकांपर्यंत नेणारा तो नट. आम्हीं शिक्षकांनीं तरी निराळें काय केलें? कालिदास आमचा नव्हे, मुलेंही आमचीं नव्हेत; वाटेंत कांहीं सांडूं नये, एवढीच आमची जबाबदारी.

2019 सालीं लागू निवर्तले. चित्रपट राहिले, रंगमंचावरील त्यांचे गणपतराव पाहणाऱ्यांच्या स्मरणांत उरले आहेत. ज्या घरांत असे कोणी आजीआजोबा असतील, त्यांना नातवंडांनीं एकदां जवळ बसून विचारावें. तें ओझें आतां त्यांच्याकडे आहे.