केळझर कोणतें?

आमचें केळझर वर्धा जिल्ह्यांतील, सेलू तालुक्यांतील. सिद्धिविनायकाच्या देवस्थानामुळें तें पुष्कळांस ठाऊक आहे. पांडवांची एकचक्रानगरी ती हीच, असेंही इकडील वृद्ध अभिमानानें सांगतात. परंतु हें नांव एकट्या आमच्याच गांवाचें नव्हे. एक केळझर चंद्रपूर जिल्ह्यांत आहे, त्यास रेल्वेचें स्थानकही आहे. आणि एक नाशिक जिल्ह्यांत, बागलाणांत, धरणासाठीं प्रसिद्ध. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडीलबंधूंच्या हृदयविकाराच्या गोळ्यांचें पुडकें पुण्याहून निघालें, तें एका खासगी कंपनीच्या कृपेनें चंद्रपूरकडे गेलें व आठ दिवसांनीं आम्हांस मिळालें. मध्यंतरीं गोळ्या संपल्या, आणि तीन रात्री घरांत कोणास धड झोप लागली नाहीं.

वास्तविक पुडक्यावर पिनकोड स्वच्छ लिहिलेला होता. नामसादृश्याचा असा घोटाळा होऊं नये म्हणून तर १९७२ सालीं श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं ही अंकांची योजना आणली. वेलणकर स्वतः संस्कृत कवि. शब्द एक आणि अर्थ अनेक, ही अडचण त्यांस नवी नसावी. आमचा पिन ४४२ नें सुरू होतो, बागलाणचा ४२३ नें. पण नांव वाचूनच जो थांबला त्यास अंक काय करणार?

आमचे चिरंजीव पुण्यास प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायांत आहेत. हा प्रकार ऐकून ते म्हणाले, “बाबा, आमच्याकडे हें नित्याचेंच आहे.” कोणताही प्रोग्रॅम एकट्याचा नसतो, इतरांनीं लिहिलेलीं पॅकेजें त्यांत नांवानें मागवावीं लागतात. तीं शोधून आणणाऱ्या साधनापाशीं जागांची एक यादी असते. यादीच्या क्रमानें तें शोधीत जातें आणि ज्या जागीं तें नांव प्रथम सांपडेल तेथेंच थांबतें. पायथॉन भाषेंत कोणी आपल्याच फाईलीस ‘रँडम’ असें नांव दिलें, तर त्या नांवाचें मूळ भांडार बाजूस राहतें व घरचें तोतया पुढें येतें!

आम्हांस पाणिनीचें स्मरण झालें. सूत्रांत ‘सर्वादि’ एवढेंच म्हणावयाचें. शब्दांची यादी गणपाठांत पाहावयाची. गणपाठ हातीं नसेल तर सूत्र पांगळें, आणि निरनिराळ्या पोथ्यांत गणांतील शब्द कमीअधिक आढळतात, हें निराळेंच दुखणें. कोणती प्रत प्रमाण धरावी?

२००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गो’ भाषेंतही हाच प्रश्न होता. पॅकेज कोणत्या स्थळाचें व कोणाचें, हा सारा पत्ता तेथें नांवांतच असे. परंतु सर्व मजकूर ‘गोपाथ’ नामक एका ठरीव फोल्डरांत ठेवावा लागे, आणि आवृत्ति कोणती हें पत्त्यावरून कळत नसे. २०१८ पासून प्रकल्पाच्या मुळाशीं एक फाईल ठेवण्याची सोय झाली. तींत प्रकल्पाचें नांव व उसन्या पॅकेजांच्या आवृत्ति लिहितात. शेजारच्या दुसऱ्या फाईलींत प्रत्येकाचा अंकरूप ठसा असतो. २०२१ पासून ही रीत डीफॉल्ट झाली.

त्याच वर्षीं ॲलेक्स बिर्सन नांवाच्या संशोधकानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांचीं नांवें हुडकून, त्याच नांवांचीं व अधिक वरच्या आवृत्तीचीं पॅकेजें त्यानें सार्वजनिक भांडारांत ठेविलीं. ॲपल, मायक्रोसॉफ्ट धरून पस्तीसांहून अधिक कंपन्यांच्या यंत्रांनीं घरचें टाकून तींच उचललीं. त्याचा हेतु दोष दाखविण्याचा होता, म्हणून निभावलें. चिरंजीवांच्या कचेरींत हल्लीं ठसा जुळल्यावांचून बाहेरचें एकही पॅकेज आंत घेत नाहींत; त्यापायीं काम थोडें रेंगाळतें, अशी तेथील तरुणांची कुरकुर आहे.