माझा नंबर आला तेव्हा

दहावीची परीक्षा संपली आणि बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "तीन दिवस शिबिराला येतेस? आमच्या चर्चचं आहे, देवळालीला." मी नाशिकच्या पंचवटीत वाढलेली. काळारामाचं देऊळ घरापासून पाच मिनिटांवर, आजी माळकरी. तिनं विचारलं, "बाटवणार तर नाहीत ना गं?" आईनं लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "सगळ्यांना वाट. आणि रोज फोन कर."

फाटकातच एका ताईनं हात पुढे केला, "सलाम!" मी नमस्कारासाठी जोडलेले हात सोडवून तिच्या हातात देईपर्यंत ती पुढच्या मुलीकडे गेलीही होती. "आमच्यात असंच म्हणतात," मैत्रीण कुजबुजली.

मग दिवसभर तेच. शब्द सगळे मराठी, अर्थ भलतेच. "वचन पाठ झालं का?" असं एकीनं विचारलं. मी तर कुणाला कसलंच वचन दिलं नव्हतं! बायबलमधल्या ओळीला वचन म्हणतात, हे जेवणाच्या रांगेत कळलं. संध्याकाळी फळ्यावर 'साक्ष' लिहिलेलं दिसलं आणि मला कोर्ट आठवलं. प्रत्यक्षात एक मुलगा उभा राहिला आणि वडिलांची दारू, घरातली भांडणं, आपण प्रार्थनेला कसे लागलो, हे सगळं सांगून शांतपणे खाली बसला. आमच्याकडे असलं चारचौघांत कुणी बोलत नाही. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

गाणी इंग्रजी असतील, गिटार असेल, अशी माझी खात्री होती. गिटार होतीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी, तबला आणि टाळ निघाले आणि सुरू झाली ती थेट अभंगाची चाल. कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले. आजीच्या भजनी मंडळात बसून बसून हात तयार होता. शब्द येत नव्हते, पण टाळ चुकला नाही. गाणं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं होतं. शाळेत भेटलेले फुलामुलांचे कवी ते हेच. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक घरातल्या. त्यांना त्याच वाटेवर यायला आणखी पाच वर्षं लागली. त्यांचं माहेर जलालपूरचं, म्हणजे आमच्याच गोदाकाठचं. आईच्या कपाटातलं त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी कधी उघडलंही नव्हतं.

दुपारी पाळकांनी शरणपूरची गोष्ट सांगितली. मी क्लासला रोज शरणपूर रोडनं जायचे. तिथं कुणी शरण आलं होतं, हे डोक्यातही आलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी गलबतांवरून इंग्रज आरमारानं सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथं आणून शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या तुकडीत सामील झाला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, जेकबनं अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि मृत्यूची नोंद झाडाच्या खोडावर कोरली. लिव्हिंग्स्टनचं शव पुढे समुद्रापर्यंत वाहून नेलं. एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा जेकब तिथं हजर होता. आमच्या नाशिकला शिकलेला मुलगा!

पण माझी खरी फजिती रात्री झाली. वीसेक जण गोल करून बसलो. दिवे मंद. प्रत्येकानं एकेक वाक्य प्रार्थना करायची, मोठ्यानं, आपल्या शब्दांत. रामरक्षा मला तोंडपाठ आहे, अथर्वशीर्ष येतं, हरिपाठ कानावर आहे. पण पाठ काहीच न म्हणता देवाशी बोलायचं? तेही रोजच्या मराठीत? एकानं बाबांच्या रिक्षाचं कर्ज मागितलं, म्हणजे फिटू दे म्हणाला. एकीनं भावाशी अबोला संपू दे म्हटलं. नंबर सरकत आला. मैत्रिणीनं हात दाबला. म्हणजे गप्प राहिलीस तरी चालेल.

माझ्या तोंडून निघालं, "देवा, आजीचे गुडघे फार दुखतात. ती कुणाला सांगत नाही. मी रात्री ऐकते. तेवढं बघ." वीस जण म्हणाले, "आमेन." हे मी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या रात्री शेकोटीपाशी विचारलं गेलं, येशूला कुणाला स्वीकारायचंय? काही हात वर गेले. माझा गेला नाही. एका ताईनं नंतर हळूच विचारलं, मी "नाही" म्हटलं. तिनं मान हलवली आणि उरलेला एक लाडू मागितला.

घरी आजीनं चौकशी केली. मी सगळं सांगितलं, ती रात्रसुद्धा. "आपल्या शब्दांत देवाशी बोलतात गं ते," म्हटलं. आजी हसली. "त्यात नवल काय? तुकोबा विठोबाशी भांडायचे ते काय पाठ करून?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि गुडघ्यांचं देवाच्या आधी आईला सांगायचंस."

सोमवारी आईनं हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.