खोलणारा एक, जोडणारा दुसरा

मिरज सोडल्यावर गाडी रिकामी झाली आणि मी पिशवीतला कॅमेरा बाहेर काढला. जपानी, 1980च्या दशकातला, रोलचा. बॅटरी नवी असूनही बटण दाबलं की काही नाही. रोल पुढे घ्यायची कळही जाम. मुंबईतल्या एका दुकानाने तो न उघडताच परत दिला होता. पार्ट येत नाहीत, एवढंच उत्तर. रुकडी गेलं, पंचगंगेचा पूल आला. कोल्हापूरवर माझा भरवसा जरा जास्तच होता.

तो उगाच नव्हता. या गावाने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतभावांना ते वेड लागलं. आनंदराव 1916 मध्ये गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. 1920 मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ आली. रिक्षावाल्याला खरी कॉर्नरवरून घ्यायला सांगितलं. तिथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. रिक्षावाल्याने तो कौतुकाने दाखवला, मीही पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहिला.

पण तो कॅमेरा हँडल फिरवून चालायचा. त्यातलं चक्र झिजलं तर इथल्या उद्यमनगरात आजही लेथवर दुसरं करून मिळेल. 1976 मध्ये कॅनन एई-वनने एसएलआर कॅमेऱ्यात मायक्रोप्रोसेसर आणला आणि पुढे कॅमेऱ्यांची पोटं तांब्याच्या पातळ पट्ट्यांनी भरली. माझ्या कॅमेऱ्यात कपॅसिटर साठवलेली वीज चुंबकाला देतो, चुंबक खटका सोडतो, मग शटर. कपॅसिटर सुकला की पुढचं सगळं धडधाकट असून ठप्प. कपॅसिटर निदान बाजारात मिळतो; एकाच मॉडेलसाठी केलेली चिप गेली, तर तिला कुठलीही लेथ वाचवू शकत नाही.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतले कॅमेऱ्याचे मिस्त्री सत्तरीचे. तळाचं झाकण काढून त्यांनी काडीने एक खटका ढकलला, आणि शटर पडलं.

“मशीन झकास हाय. करंटचा लफडा हाय. मी इस्तरी लावत न्हाई.”

इस्तरी म्हणजे सोल्डरिंगची. त्यांनी राजारामपुरीतल्या टीव्हीवाल्याकडे धाडलं. टीव्हीवाला तरुण, हात स्थिर. पण स्क्रू बघूनच मागे सरला. “खोलून आणा, बसवून देतो.”

दुरुस्तीची खरी अडचण मला इथे कळली. पार्ट दहा-वीस रुपयांचा. पण कॅमेरा जाणणारे हात एकाचे, वीज जाणणारे दुसऱ्याचे. बाबूरावांना दामले भेटले होते.

शेवटी मिस्त्रींनी दुपारी शटर ओढलं – दुकानाचं – आणि आपल्याच स्कूटरवर माझ्यामागे बसले. राजारामपुरीत ते खोलत गेले, तरुण डाग देत गेला. मधूनमधून दोघे एकमेकांवर खेकसत होते. बॅटरी घातली. खट्!

प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा आतला दिवा मात्र लागला नाही. पट्टी चिरली होती, आणि ती कुठे मिळत नाही.

“मग अंदाजानं मारा,” मिस्त्री म्हणाले. “कडक ऊन असलं की अपर्चर सोळा, स्पीड फिलमच्या नंबराएवढा. आमी मीटर कुठं बघितलावता? आन् रोल कुठं धुणार?”

“मुंबईला. कुरिअरने.”

“मग तिथनंच नीट करून आणायचा हुता की!”