सासूबाई आणि ओमुराइस

सासूबाई सांगलीहून सॅन होजेला आल्या की सुरुवातीला बाहेरच्या जेवणाचं नाव काढत नाहीत, आणि मग एक दिवस घरच्या मुगाच्या खिचडीलाच कंटाळतात. अशाच एका शनिवारी लेकीने आजीला जपानटाउनला नेण्याचा घाट घातला. पश्चिम किनाऱ्यावर अशा वस्त्या पूर्वी पुष्कळ होत्या. १९४२ पासून सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, वस्त्या ओस पडल्या. आज नावाजण्याजोग्या तीनच उरल्यात: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि ही आमची.

तिथे आम्ही ओमुराइस मागवला: केचपमध्ये परतलेला भात आणि वर ऑमलेट. आईंना अंडं चालतं, कोंबडी नाही. म्हणून भातात चिकनऐवजी मश्रूम घालायला सांगितलं. आम्ही ओट्यासमोरच बसलो होतो. आचाऱ्याने कांदा आणि मश्रूम परतले, त्यावर केचप ओतलं आणि ते खदखदून दाट होईपर्यंत भाताला हात लावला नाही. केचपमधलं पाणी आधी उडवलं नाही, तर भाताचा गिचका होतो. आई पुटपुटल्या, "टोमॅटो आधी आटवून घेतोय. कळतंय याला."

मग अंडी. एका हाताने चॉपस्टिकने ढवळणं, दुसऱ्या हाताने तवा हलवणं. कडा धरू लागल्या तशी तवा तिरका करून त्याने दांड्यावर मूठ आपटली. दर ठोक्याला ऑमलेट थोडं थोडं गुंडाळत गेलं. ते भातावर ठेवून त्याने सुरी फिरवली आणि पिवळंधमक अंडं दोन्हीकडे पसरलं. लेक टाळ्या पिटायला लागली. आई मात्र म्हणाल्या, "अगं, आत कच्चंच आहे की!"

हा सुरीचा खेळ जुझो इतामींच्या १९८५ च्या 'ताम्पोपो' सिनेमाने गाजवला. आता क्योटोतल्या एका आचाऱ्याचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरतात. बघायला झकास, पण मला विचाराल तर जुनी पद्धतच बरी: पूर्ण शिजलेली पातळ अंड्याची पोळी आणि तिच्यात गुंडाळलेला भात. आईंसाठी तशीच करून मागितली. त्याने कपाळाला आठी न घालता दिली.

खरं तर हा पदार्थ आजारी माणसाचाच म्हणायचा. ओसाकाचं होक्क्योकुसेई हॉटेल सांगतं की १९२५ साली पोटाच्या तक्रारीमुळे रोज ऑमलेट-भातच मागवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो त्यांच्याकडे जन्मला. टोकियोच्या गिन्झातलं रेंगातेई मात्र हा मान स्वतःकडे घेतं. भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मला गंमत वाटते ती केचपची: अमेरिकन बाटली जपानी स्वयंपाकघरात शिरली, भातात मुरली, आणि आता कॅलिफोर्नियात आम्ही ती जपानी म्हणून, चांगले पैसे मोजून खातो.

"फोडणीच्या भातावर अंड्याची पोळी," असा निकाल देऊन आईंनी ताट चाटूनपुसून संपवलं. येताना निजिया मार्केटमधून जपानी तांदळाची पिशवीही घ्यायला लावली. आमचा बासमती पोळीत धरून राहत नाही. घरी त्यांनी भातात हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातली. लेकीने तोंड वेडंवाकडं केलं, "आजी, हा ओमुराइस नाहीये." आजी म्हणाल्या, "बरं, मग हा माझा." आणि तिच्यासाठी वेगळा, बिनमिरचीचा परतायला घेतला.

परवा सांगलीहून फोन आला, तो चिकट तांदूळ तिथे कुठे मिळेल? इंद्रायणी वापरा म्हटलं. केचप आधी आटवायचं, हे सांगायला लागले तर म्हणाल्या, "ते तू मला शिकवू नकोस."